गेम खेळून कॉम्प्युटर जळत नाही

तुमचा प्रश्न असा: धुळ्यात राहता, पहिलाच गेमिंग कॉम्प्युटर घेताय, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०६० घ्यावं की आरएक्स ९०६० एक्सटी, आणि दुकानदार कॅबिनेटसोबत ५०० वॅटचा लोकल पॉवर सप्लाय, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, फुकट देतोय, तो चालेल का?

त्या शेवटच्या तुकड्यासाठीच लिहायला बसलो. नाही चालणार. फुकट असला तरी दुकानातच ठेवून या.

२०२२ ची गोष्ट. त्या हंगामात कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला होता आणि आमच्या चोपडा तालुक्यात घराघरात पैसा खेळत होता. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. कापूस विकून आलेल्या संध्याकाळी आबांनी स्वतःहून विचारलं, "तुला तो कॉम्प्युटर पाहिजे होता ना?" मी दोन वर्षं मागत होतो. पण नेमके तेव्हा ग्राफिक्स कार्डांचे भावही चढलेले, क्रिप्टोवाले मिळेल ते कार्ड उचलत होते. आरटीएक्स ३०६० ला आम्ही ४६ हजार मोजले.

सोबत नाना होते. नाना म्हणजे माझे काका. बैल घ्यायचा असो की फ्रीज, आमच्याकडे व्यवहार त्यांच्या शब्दावर ठरतो. मी साडेचार हजारांचा पॉवर सप्लाय निवडून ठेवला होता. दुकानदार नानांच्या ओळखीचा. तो म्हणाला, करंटच तर द्यायचाय, कोणताही डबा देतो, हा ५०० वॅटचा बाराशेत घेऊन जा. नानांनी तिथल्या तिथे हो म्हटलं. मी दोनदा अडवलं. तिसऱ्यांदाही अडवायला पाहिजे होतं, पण चारचौघांत काकांचा शब्द खाली पाडणं मला जमलं नाही. त्या डब्याला कार्डाची आठ पिनची वायरसुद्धा नव्हती. दुकानदाराने दोन मोलेक्स, म्हणजे जुन्या पद्धतीचे चार पिनचे प्लग, एकत्र करून एक जोडवायर लावून दिली.

मग मे आला. आमचं घर मळ्यात, कॉम्प्युटर वरच्या पत्र्याच्या खोलीत. बाहेर ४४ अंश. आजूबाजूचे पंप सुरू झाले की ट्यूब डोळे मिचकावायची. दुपारी गेम चालू असताना फट्ट आवाज झाला, कॅबिनेटच्या मागून धूर आला, स्क्रीन काळी. मदरबोर्ड गेला. फायली साठवणारी एसएसडी गेली, तिच्यात सेमिस्टरचा प्रोजेक्ट होता. नाना जिना चढून आले, वास घेतला आणि म्हणाले, "मी सांगेल व्हतं ना तुले." झालं. तेव्हापासून लग्न असो, उत्तरकार्य असो, नातेवाईक जमले की एकच वाक्य: आमच्या पोराने कपाशीचा पैसा गेम खेळून जाळला. आबा काही बोलले नाहीत. पण पुढे दीड वर्ष घरात कॉम्प्युटरचा विषय निघाला नाही, आणि ते मला जास्त लागलं.

तो जळका डबा मी टाकला नाही. त्याचं लेबल नीट वाचलं. वर ठळक ५०० वॅट. खाली १२ व्होल्टच्या रकान्यात २० अँपिअर. १२ गुणिले २० म्हणजे २४० वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टवरच चालतात. बाकीचे आकडे ३.३ आणि ५ व्होल्टचे, ते तुमच्या फारसे कामाचे नाहीत, बेरीज फुगवायला तेवढे उपयोगी. आता माझा हिशोब बघा: ३०६० एकटं १७० वॅट, आय-५ १२४००एफ प्रोसेसर पूर्ण जोरावर ११७ पर्यंत. तिथेच २८७ झाले. बोर्ड आणि पंखे वेगळे. शिवाय हे सरासरीचे आकडे, कार्ड क्षणभर याच्या बरंच वर उडी मारतं. ५ एचपीची मोटर सुरू होताना किती करंट ओढते आणि चालू झाल्यावर किती, हे नानांना मी सांगायची गरज नाही. मळ्यातला स्टार्टर त्यांनीच बसवलाय.

आणि आपलं ऊन. पॉवर सप्लायवर जो ८० प्लसचा शिक्का असतो, त्याची चाचणी २३ अंशांच्या आसपास होते. तो शिक्का वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो, खान्देशातल्या मे महिन्याचं काही सांगत नाही. चांगले पॉवर सप्लाय ४० किंवा ५० अंशांनाही पूर्ण वॅट द्यायला बनवलेले असतात, स्वस्तातले २५ अंशांवर मोजलेले. आतले कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, १०५ अंशांचे आहेत का ८५ चे, तेही बघा, कारण तापमान १० अंशांनी वाढलं की दर वेळी त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं. व्होल्टेज खाली आलं की तेवढीच वॅट पुरवायला सप्लाय जास्त करंट ओढतो, म्हणजे आणखी तापतो. माझ्या खोलीत हे सगळं एकाच दुपारी जमून आलं होतं.

कार्ड मात्र वाचलं होतं, आणि गेममुळे काही जळत नाही हा माझा सगळा दावा त्याच्यावर उभा आहे. २०२३ च्या शेवटी पहिल्या पगारातून नवा बोर्ड आणि ६५० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय घेतला. कार्ड तेच. गेम तोच. पत्र्याची खोली तीच. पुढचे दोन्ही उन्हाळे मी तिथे खेळलो, उलट आधीपेक्षा जास्त वेळ. काही जळलं नाही.

आता तुमचं कार्ड. ९०६० एक्सटी घ्या, पण १६ जीबीचंच. त्याच नावाने ८ जीबीचंही मिळतं, बिलावर आकडा लिहून घ्या. ५०६० ला ८ जीबीच मेमरी आहे, आणि नव्या गेमला टेक्स्चर, म्हणजे चित्रांतला बारकावा, वाढवला की ती अपुरी पडते. पाच वर्षं वापरायचं तर ८ जीबीवर पैसे घालू नका. ५०६० चं डीएलएसएस, म्हणजे चित्र कमी ताकदीत मोठं आणि सुरळीत करायची युक्ती, चांगलं आहे हे मान्य, पण मेमरी नंतर वाढवता येत नाही. ५०६० १४५ वॅट खातं, १६ जीबीचं ९०६० एक्सटी १६०. दोन्हींना खरा ५५० वॅटचा सप्लाय पुरतो. मी ६५० चा घेईन, म्हणजे पुढचं कार्ड घेताना तो बदलावा लागणार नाही. लेबलवर १२ व्होल्टची वॅट एकूण वॅटच्या जवळपास असली पाहिजे, आठ पिनची वायर त्याची स्वतःची हवी, आणि वॉरंटी निदान ५ वर्षांची. नुसतं कंपनीचं नाव बघून घेऊ नका, मोठ्या कंपन्याही हलके मॉडेल काढतात.

यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीएचा बहुधा ३६० वॅटचाच असतो. गेम चालू असताना लाइट गेली तर तो दम सोडेल. १००० व्हीएच्या खाली जाऊ नका.

एक राहिलं. ब्लेंडर सॉफ्टवेअरवर किंवा तसलं थ्रीडीचं काम करणार असाल तर माझं कार्डाबद्दलचं मत बाजूला ठेवा आणि एनव्हिडियाचं, म्हणजे आरटीएक्स घ्या, तिथे फरक मोठा आहे. आणि घराचं अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही असंच समजा. मग आधी वायरमन बोलवा, कार्ड नंतर.

मागच्या उन्हाळ्यात नानांची विहिरीवरची मोटर जळाली. रिवाइंडिंगवाला म्हणाला, व्होल्टेज कमी आणि केबल बारीक. नानांनी त्याच आठवड्यात जाड केबल टाकली. पाणी जास्त उपसलं म्हणून मोटर जळाली असं घरात एकानेही म्हटलं नाही. हे उत्तर मी त्यांना आज रात्री वाचून दाखवणार आहे.

तुम्ही त्या फुकटच्या डब्याच्या लेबलाचा फोटो टाका. १२ व्होल्टचा रकाना स्पष्ट दिसेल असा काढा, गुणाकार मी करून देतो.