पुलपिटवर (चर्चमधल्या प्रवचनाच्या व्यासपीठावर) बाई का नको? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न: सलाम ताई. मी नगर जिल्ह्यातली, वय २६, बीकॉम झालंय. आमच्या फेलोशिपमध्ये, म्हणजे मंडळीत, संडे स्कूल मी घेते, युथ मीटिंग मी घेते, लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन प्रार्थनापण मीच चालवली. आता बी.डी. (पाळक होण्यासाठीची धर्मशास्त्राची डिग्री) करायचं मनात आहे, पाचारण (देवाचं बोलावणं) आहे असं खूप दिवस वाटतंय. पण पाळकसाहेब म्हणतात की बाईने पुरुषांना शिकवू नये असं वचनात स्पष्ट आहे, तू महिला मंडळ सांभाळ. माझी पणजी बायबल बाई होती, गावोगाव चालत जायची. मग माझंच काय चुकतंय?

उत्तर: सलाम बाळा. चुकत काही नाही. पाळकसाहेब १ तीमथ्य २:१२ बद्दल बोलतायत, ते वचन आहेच, नाही कशाला म्हणायचं, आणि ते मनापासून तसंच मानणारी चांगली माणसं मला माहीत आहेत. पण त्याच अध्यायातलं नववं वचन बघ, बायकांनी केस गुंफू नयेत, सोनं-मोती घालू नयेत. आपल्याकडच्या लग्नात हे वचन कोणी काढलेलं मी तरी ऐकलं नाही! आणि आठवं वचन तर पुरुषांनाच आहे, राग आणि वाद सोडून प्रार्थना करा म्हणून, ते कमिटीच्या मीटिंगला वाचायला हवं. थट्टा सोड, पण ज्याच्या पत्रातलं हे वचन आहे तोच पौल १ करिंथ ११:५ मध्ये बायकांनी मंडळीत प्रार्थना करताना, संदेश देताना डोकं झाकावं म्हणतो, म्हणजे त्या बोलत होत्या हे धरूनच चाललाय ना. अपुल्लोसासारख्या विद्वान माणसाला घरी नेऊन नीट समजावणाऱ्यांत प्रिस्किल्ला होती (कृत्ये १८:२६), आणि रोमकरांच्या सोळाव्या अध्यायात पौल एका पाठोपाठ एक किती बायकांची नावं घेतो ते एकदा मोजून बघ.

पण मला वाटतं तुमच्याकडे खरा वाद वचनाचा नाहीच. काम करायला बाई सगळ्यांना चालते, अडतं ते सहीपाशी, पगारापाशी आणि पुलपिटपाशी. तुझ्या पणजीचंच घे. त्या काळच्या बायबल बायका घरोघर जाऊन वचन वाचून दाखवायच्या, जिथे पुरुष प्रचारकाला उंबरठासुद्धा ओलांडता येत नव्हता तिथे, आणि त्यांचा तुटपुंजा पगार बऱ्याचदा अमेरिकेतल्या बायकांच्या मंडळांनी जमवलेल्या पैशातून यायचा. वचन त्याच सांगत होत्या की. फक्त त्याला संदेश देणं, म्हणजे प्रवचन करणं, कोणी म्हटलं नाही, म्हणून कोणाची हरकतपण आली नाही.

पंडिता रमाबाईंची गोष्ट तुला माहीतच असेल, पण हा भाग आपण कमी सांगतो. १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनापण शिकवावं अशी गोष्ट निघाली तर मुंबईचे आणि लाहोरचे बिशप आडवे आले, की याने हिंदुस्थानात त्यांच्या कामाला धक्का बसेल. आता बघ, ही बाई लहानपणापासून गावोगाव पुराण सांगत फिरलेली, १८७८ ला कलकत्त्याच्या पंडितांनी जिला पदवी दिली, तिला सांगतायत पुरुषांपुढे उभी राहू नको! त्यांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं नाही, पत्रांतून सरळ वाद घातला. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, १९०५ च्या जागृतीत तिथल्या मुलींच्या तुकड्या आसपासच्या गावांत प्रचाराला जायच्या. मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत अख्खं बायबल रमाबाईंनी केलं, त्याची छपाई मुक्तीतल्या बायकांनीच केली, १९२४ ला ते पूर्ण निघालं, तोवर बाई जाऊन दोन वर्षं झाली होती. म्हणजे बाईने केलेलं भाषांतर वाचून संदेश दिला तर चालतं, बाईने संदेश दिला तर नाही, हे गणित मला कधी जमलेलं नाही.

आणि नगरची आहेस तर बूथ हॉस्पिटल रोज बघत असशील. ज्यांचं नाव त्याला आहे त्या इव्हँजेलिन बूथ १९३४ ला जगभरच्या मुक्तिफौजेच्या (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेच्या) जनरल, म्हणजे प्रमुख झाल्या, पहिल्या बाई. मुक्तिफौजेत बाई ऑफिसर संदेश देते यात कोणाला काही वाटत नाही.

आता कामाचं बोलू. तुमची फेलोशिप स्वतंत्र असेल तर लेखी घटना, म्हणजे नियमावली, असते किंवा नसते, आणि पाळकसाहेबांचं म्हणणं हाच कायदा, अपील करायला वर कोणी नाही. तिथे भांडत वर्षं घालवू नको असं मी स्पष्टच सांगते. सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) बायकांना पाळकपदाची दीक्षा मिळते, मेथॉडिस्टांमध्ये मिळते, दक्षिणेत सीएसआयने (चर्च ऑफ साउथ इंडिया) १९७६ ला पहिल्या बाईला दीक्षा दिली आणि २०१३ ला पुष्पललिता नंद्यालच्या बिशप झाल्या. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरीत मुली शिकतात, जाऊन भेटून ये, हॉस्टेल बघ. फक्त एक कर, ॲडमिशनच्या आधी स्पॉन्सर कोण आणि शिकून आल्यावर नेमणूक कोण देणार हे लेखी घे. स्वतःच्या पैशाने शिकून आलेल्या मुली डिग्री हातात घेऊन परत संडे स्कूलच घेत बसतात, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं, तेव्हा सगळे म्हणतात पाठवलं कोणी होतं?

प्रश्न: माझी मुलगी वसईला आमच्या कॅथलिक चर्चमध्ये अल्टर सर्व्हर (उपासनेत वेदीपाशी फादरना मदत करणारी) आहे. परवा विचारते, मी फादर का नाही होऊ शकत? आम्ही गप्प बसलो. काय सांगावं?

उत्तर: जे आहे ते सांगा. कॅथलिक चर्चच्या कायद्यात धर्मगुरूची दीक्षा फक्त पुरुषाला आहे, आणि १९९४ ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी पत्र काढून तो विषय बंद केला. गंमत म्हणजे मुलींनी अल्टरवर सेवा करायला हरकत नाही हे रोमने त्याच वर्षी कळवलं, म्हणजे तुमची लेक आज जिथे उभी राहते तेही तसं नवीनच आहे. २०२१ ला वाचक आणि अकोलाइट (वेदीपाशी मदतनीस) ही पदं बायकांना रीतसर उघडली, २०२३ च्या सिनडमध्ये (रोममधल्या धर्मसभेत) पहिल्यांदा बायकांनी मतदान केलं, २०२५ ला सिस्टर सिमोना ब्राम्बिला व्हॅटिकनच्या एका खात्याच्या प्रमुख झाल्या. दीक्षेचं दार बंदच आहे, मला ते पटत नाही, पण मुलीला खोटी आशा लावू नका. तुम्ही स्वतः काय करू शकता? फायनान्स कमिटी प्रत्येक पॅरिशला (स्थानिक धर्मग्रामाला) कंपल्सरी असते आणि तिच्यात बायकांना कायद्याने काही अडचण नाही. तुमच्या पॅरिशच्या कमिटीत किती बायका आहेत ते फादरना विचारा, आणि स्वतःचं नाव द्या. मिस्सानंतर समोसे वाटायला सगळ्यात पुढे आपणच असतो, हिशेब बघायलापण जाऊ.

प्रश्न: माझ्या मिसेसला पुढच्या वर्षी दीक्षा मिळणार. मंडळीतले लोक मला आत्तापासून चिडवतात, आता तुम्ही पाळकीणबाई का म्हणून. हसावं की चिडावं?

उत्तर: हसा, पण नीट विचारपण करा. पाळकीणबाई म्हणजे पाळकाची बायको, महिला मंडळ चालवणार, आजाऱ्याला भेटणार, अवेळी आलेल्याला जेवू घालणार, पगार शून्य. ही कामं आता कोण करणार? तुमच्या मिसेसने पाळक म्हणून स्वतःचं काम करून वर हेही करावं अशी मंडळीची अपेक्षा असणार, मी लिहून देते. तेव्हा नेमणुकीच्या वेळीच कमिटीशी दोघांनी बसून बोला, की पगार एका माणसाचा आहे आणि माणूसपण एकच मिळेल. पाव्हण्यांचा चहा तुम्ही करा, त्यात लाज कसली. आणि तिची बदली झाली तर तुमच्या नोकरीचं काय, हे मात्र घरी आत्ताच ठरवा, ऑर्डर हातात पडल्यावर नको.