लेगाटो जमत नाहीये? आधी एवढंच कर

अरे, कॉम्प्युटरवर सॅम्पलने (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांनी) केलेली तुझी व्हायोलिन-चेलोची क्लिप ऐकली, चाल छान आहे, फक्त लेगाटो, म्हणजे सूर न तुटता एकमेकांत जोडणं, जमत नाहीये, प्रत्येक सूर सुटा सुटा येतोय. सुरुवातीला सगळ्यांचं हेच होतं. तू ग्वाल्हेरचा, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं) लहानपणापासून कानात आहे, तोच कान इथे लाव.

१) नोट्स एकमेकींवर किंचित चढव. पियानो रोलमध्ये (सॉफ्टवेअरमध्ये सूर पट्ट्यांसारखे दिसतात ती खिडकी) 'रे' सुरू झाल्यावरही 'सा'ची पट्टी जराशी पुढे जाऊ दे, मधे फट राहिली की जोडणारं सॅम्पल वाजतच नाही, नवा बो (गज) सुरू होतो. कॉर्ड नको, लेगाटो पॅच (लेगाटोसाठी तयार केलेला सॅम्पलचा आवाज) बहुतेक वेळा एकावेळी एकच सूर घेतो, म्हणून व्हायोलिन, व्हायोला, चेलो वेगवेगळ्या ट्रॅकवर.

२) सीसी 1! म्हणजे कीबोर्डवरच्या मॉड व्हील या चाकाचा सिग्नल, बहुतेक वेळा सुराचा जोर यानेच कमी-जास्त होतो. त्याची रेषा सपाट ठेवलीस तर हार्मोनियमच वाटणार. मॉड व्हील हाताने फिरवत रेकॉर्ड कर, लांब सूर फुगू दे, मग ओसरू दे, आलापात दम वापरतो ना तसं. मी आधी माउसने रेषा काढायचो, त्यात जीव येत नव्हता.

३) सगळं क्वांटाइझ करून (तालाच्या रेघांवर नेमकं बसवून) सोडू नकोस, सूर बदलायला सॅम्पलला क्षणभर लागतो आणि ओळ मागे पडते, नोट्स कानाने जरा आधी सरकव.

रिव्हर्ब, मायक्रोफोन वगैरे नंतर. आत्ता एकट्या चेलोवर आठ मात्रांची एकच ओळ रोज घे, झाली की पाठव, नक्की ऐकतो.