हे तर कुणालाही सुचलं असतं!

प्रश्न : आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. कांद्याच्या गोण्या वाहायच्या हातगाडीला मी खालून वजनकाटा बसवलाय. खडबडीत जमिनीवर आकडा नाचायचा म्हणून स्प्रिंगची एक भानगड पण केलीये, आता गाडी चालू असताना वजन बरोबर येतं. मित्र म्हणतो पेटंट घे, मेव्हणा म्हणतो त्यात काय एवढं, कुणालाही सुचेल. खरं कोणाचं? - एक वाचक, निफाड

उत्तर : अर्धं मेव्हण्याचं. गाडी जुनी, काटा जुना, दोघं आपापलं काम पूर्वीसारखंच करतायत, आणि अशा नुसत्या जोडाजोडीला आपल्या पेटंट कायद्याचं कलम 3(एफ) सरळ नाही म्हणतं. मिर्झापूरच्या भांडीवाल्यांची केस आठवते बघा, भांडं कातताना उडू नये म्हणून ते पक्कं धरायच्या साधनाला 1951 सालचं पेटंट होतं, पण 1978 ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं की लेथवर, म्हणजे कातायच्या यंत्रावर, टेलस्टॉक (काम दुसऱ्या टोकाने टेकवून धरणारा भाग) तर आधीपासूनच आहे, ही वर्कशॉपमधली सुधारणा झाली, शोध नाही. पेटंट गेलं.

पण तुम्ही जी गोष्ट 'भानगड' म्हणून एका ओळीत उरकलीत ना, खरा माल तिथेच आहे! कायद्यातला 'कुणालाही' म्हणजे तुमचा मेव्हणा नाही, त्या कामात हात बसलेला, बाजारात आधी काय काय आहे ते माहीत असलेला साधा कारागीर. त्याला तुमची गाडी न दाखवता नुसतं सांगायचं की चालताना आकडा नाचतो, काय करशील? तो नेहमीच्या सवयीने तुमच्याच स्प्रिंगवर आला असता तर विषय संपला, नसता आला तर बोलता येईल. बघितल्यावर तर सगळंच सोपं वाटतं, म्हणून साधं आहे एवढ्यावर घाबरू नका.

तर दावा गाडीचा नको, स्प्रिंगच्या मांडणीचा करा. आधी काय करून बघितलं, का फसलं, किती किलोचा फरक यायचा आणि आता किती येतो, तारखेसकट लिहून काढा, पेटंट ऑफिसच्या परीक्षकाने आक्षेप घेतला की हेच कामाला येतं. पेटंट ऑफिसच्या साइटवर जुनी पेटंटं फुकटात शोधता येतात, एक रविवार त्यात घाला. नंतर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाका, पूर्ण अर्जाला 12 महिने मिळतात.

आणि तोवर गाडीचा व्हिडिओ कुठल्याच ग्रुपवर टाकू नका, मेव्हण्यालाही पाठवू नका.