वाचकांचे प्रश्न : भुकेल्याला चॉकलेट का देऊ नये?

प्रश्न : १९४५ साली ब्रिटिश सैनिकांनी जर्मनीतल्या बर्गन-बेल्सनच्या नाझी छळछावणीतल्या कैद्यांना आपल्या वाट्याचं खायला दिलं आणि त्यानंच बरेच जण दगावले, असं ऐकलं. अन्नानं माणूस कसा मरेल? की नुसती सांगोवांगी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : सांगोवांगी नाही. १५ एप्रिल १९४५ ला सैन्य आत शिरलं तेव्हा तिथे सुमारे ६०,००० माणसं जिवंत होती, तीही टायफस (उवांमुळे पसरणारा जीवघेणा ताप), क्षय आणि जुलाबांनी पोखरलेली. शिपायांनी जवळचं होतं ते दिलं. लष्करी शिध्यातलं डबाबंद मांस, चरबी असलेलं जेवण वाटलं गेलं. सुटकेनंतरही १३,००० हून अधिक लोक मेले. त्यातले बहुतेक रोगानं आणि हाताबाहेर गेलेल्या उपासमारीनं गेले. न झेपणाऱ्या अन्नानं गेलेल्यांचा अंदाज साधारण २,००० चा दिला जातो. शिपायांना बोल लावणं मला पटत नाही. हाडांचा सापळा झालेला माणूस हात पुढे करतो तेव्हा कोण मोजमाप करत बसेल?

आता कारण. दीर्घ उपासात शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून चालतं. पेशींतला फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियमचा साठा आटत जातो, पण रक्तातली पातळी बऱ्याचदा ठीक दिसते. इथेच फसगत होते. एकदम पिठूळ-गोड पोटात गेलं की इन्सुलिन उसळतं आणि ही द्रव्यं रक्तातून पेशींत ओढली जातात. मग हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू ढिले पडतात, अंगावर सूज येते. बी-१ जीवनसत्त्व आधीच संपलेलं असेल तर मेंदूलाही इजा होते. पहिले चार-पाच दिवस सर्वांत धोक्याचे. शिवाय आतड्याचं अस्तर झिजलेलं असल्यानं तूपकट अन्न जुलाबावाटे निघून जातं, आणि त्याबरोबर अंगातलं पाणीही.

बेल्सनमध्ये मग दूध पावडर, पीठ, साखर आणि मीठ पाण्यात कालवलेलं मिश्रण आणलं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेलं, म्हणून नावही बंगालचंच. पण पूर्व युरोपातल्या कैद्यांना ते इतकं गोड लागलं की घशाखाली उतरेना. लंडनहून आलेले सुमारे १०० वैद्यकीय विद्यार्थी झोपड्या वाटून घेऊन अन्न भरवायला लागले, तेव्हा चवीचा हा घोळही त्यांच्याच वाट्याला आला.

प्रश्न : मग अशा माणसाला आज किती द्यायचं?

उत्तर : दहा दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्या मोठ्या माणसाला सुरुवातीला दिवसाला किलोमागे फार तर १० कॅलरी. म्हणजे ४० किलोच्या माणसाला ४००. अगदीच खंगलेल्याला निम्म्या. १०० ग्रॅम चॉकलेटच ५०० च्या वर जातं! अन्नाआधी बी-१, मग थोडं थोडं, आणि चार ते सात दिवसांत हळूहळू वाढ. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रोज तपासून भरून काढायची, म्हणून हे काम दवाखान्यातच. आपल्याकडे लंघन सोडताना पेज देतात, ती रीत चांगली. पण अशा माणसाला पेजही मापूनच. कुपोषित लहान मुलांचा हिशेब निराळा असतो. त्यांना १०० मिलीलिटरमध्ये ७५ कॅलरी असलेलं खास दूध दर दोन-तीन तासांनी देतात.

प्रश्न : हॉलंडमध्ये विमानांतून अन्न टाकलं, तिथे असं का झालं नाही?

उत्तर : २९ एप्रिल १९४५ पासून ब्रिटिश लँकेस्टर बाँबफेकी विमानांनी जर्मनांच्या ताब्यातल्या, उपाशी पश्चिम हॉलंडवर अगदी खालून उडत, पॅराशूटशिवाय अन्नाची पोती टाकली. तिथली उपासमार भीषण होती, पण तुटपुंजा का होईना, शिधा बहुतेकांना मिळत होता. आणि पोती थेट भुकेल्याच्या हातात पडली नाहीत. ती गोळा करून, मोजून, शिधावाटपातून घरोघरी पोचायला दिवस लागले.