अमेरिकेत नियम ढिले होणार, म्हणून इथे एसीच्या ४१०ए गॅसचा साठा करावा का?

प्रश्न : निपाणीत माझं एसी-फ्रीज दुरुस्तीचं दुकान आहे. नव्या एसीतून ४१०ए गॅस हटवणारे नियम अमेरिकेच्या संसदेतून रद्द करून घ्यायच्या हालचाली आहेत, असं वाचलं. मग ४१०ए पुन्हा जोरात चालेल का? बेळगावहून चार-पाच सिलिंडर आणून ठेवू का? आर-२२ गॅसच्या जुन्या मशीनमध्ये २९० गॅस भरायला काही जण सांगतात, ते चालेल का?

उत्तर : साठा करू नका. अमेरिकेतल्या दोन गोष्टी बातम्यांत एकत्र होतात. एक म्हणजे डिसेंबर २०२० चा कायदा. एचएफसी (४१०ए, आर-३२ वगैरे एसी-फ्रीजमधले गॅस) गॅसचं उत्पादन आणि आयात २०३६ पर्यंत ८५ टक्क्यांनी उतरवायचं त्या कायद्यातच लिहिलंय. दुसरा, तिथल्या पर्यावरण खात्याचा ऑक्टोबर २०२३ चा नियम : घरगुती एसीच्या गॅसचा तापमानवाढीचा आकडा (कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो ते) ७०० च्या वर नको. ४१०ए चा आकडा २०८८, आर-३२ चा ६७५. नियम ढिला करता येतो, पण कायदा बदलल्याशिवाय गॅसचा कोटा वाढत नाही. ४१०ए ची मशीन विकायची मोकळीक आणि गॅस मात्र टप्प्याटप्प्याने कमी, असं झालं तर तिथे तो महागच होणार.

ती महागाई तिथली. आपल्याला लागू आहे तो एचएफसी कमी करायचा आंतरराष्ट्रीय किगाली करार, भारताने २०२१ मध्ये मान्य केलेला. त्यानुसार २०२८ पासून वापर गोठवायचा आणि २०३२ ला पहिली १० टक्के कपात. तोवर इथे टंचाईचं कारण नाही. नवे घरगुती एसी बहुतेक आर-३२ वरच येतात. जुन्या गिऱ्हाइकांपुरता ४१०ए चा एक सिलिंडर बास.

साठ्याचे पैसे मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम बारकाईने मोजणारं मीटर) आणि चांगल्या वजनकाट्यावर घाला. गॅस भरण्याआधी पंपाने आतली हवा-ओल काढतो, तो व्हॅक्यूम; मॅनिफोल्डचा (प्रेशर मोजायच्या गेज-सेटचा) काटा तळाला गेला म्हणजे तो झाला, असं नसतं. ५०० मायक्रॉनपर्यंत खेचा, पंप बंद करा, दहा मिनिटं थांबा. आकडा चढून एका जागी थांबला तर आत ओल आहे. चढतच राहिला तर लीकेज. आर-३२ आणि ४१०ए चं तेल हवेतली ओल झपाट्याने ओढतं, त्यातून ॲसिड होतं आणि कंप्रेसरचं वाइंडिंग जातं. खानापूरकडच्या पावसाळ्यात पाइप उघडे ठेवून जेवायला जाऊ नका. लीकेज नायट्रोजन आणि साबणाच्या पाण्याने शोधा. ऑक्सिजनने प्रेशर कधीच देऊ नका, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. गॅस मशीनच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनाने भरा, ४१०ए द्रव रूपात.

आर-२२ च्या मशीनमध्ये २९० भरू नका. २९० म्हणजे प्रोपेन. हवेत २ टक्क्यांच्या आसपास झालं की पेट घेतं, आणि जुन्या मशीनचे रिले-स्विच ठिणगी टाकतात. गिऱ्हाइकाच्या झोपायच्या खोलीत हा धोका ठेवायचा नाही. ४१०ए ही त्यात चालत नाही : प्रेशर सुमारे दीडपट आणि तेल वेगळं. आर-२२ वरची नवी मशीन बनवणं भारतात बंद झालंय, पण दुरुस्तीसाठी गॅस अजून मिळतो. लीकेज काढा, आर-२२ च भरा; कंप्रेसर गेला असेल तर मात्र नवं मशीन घ्या म्हणून सांगा.