उबुंटू 24.04 वर अपग्रेड करूनही गिंप (फोटो-चित्रं एडिट करायचं सॉफ्टवेअर) 2.10च दिसतंय, 3.0 कसं घ्यायचं? (बेळगावात मराठी-कन्नड लग्नपत्रिकांचं काम आहे)

ॲप्टमधून (उबुंटूचं स्वतःचं सॉफ्टवेअर बसवायचं साधन) नाही येणार ते, फ्लॅटहब या साइटवरनं फ्लॅटपॅक (लागणारं सगळं सोबत आणणारं पॅकेज) घ्या की. 24.04 एलटीएस (बरीच वर्षं सपोर्ट मिळणारी आवृत्ती) आहे, तिच्यात गिंप 2.10.36 वर थांबवलंय, पुढं नुसते फिक्स येतात, आणि 3.0 आलं मार्च 2025 ला, त्याला बॅबल-गेगल या रंग-चित्रं हाताळणाऱ्या लायब्रऱ्या नव्या लागतात, उबुंटूच्या रेपोतल्या (सॉफ्टवेअरच्या साठ्यातल्या) जुन्या पडतात, फ्लॅटपॅक स्वतःच्या घेऊन येतंय म्हणून पहिलं डाउनलोड मोठं असतंय. कुठली तरी डेब फाईल (उबुंटूत थेट बसवायचं पॅकेज) आणून जबरदस्तीनं बसवू नका, डिपेंडन्सी (एका पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजं) तुटली की निस्तरत बसाल. सिस्टीमला टाकलेले मराठी-कन्नड फॉन्ट त्यातही दिसतात. फक्त 2.10 साठी लिहिलेले जुने प्लगिन (जादा सोयी देणारे जोड-प्रोग्रॅम) 3.0 मध्ये बहुतेक चालत नाहीत, पत्रिकांचं काम त्यावर असेल तर 2.10 काढू नका, दोन्ही शेजारी राहतात.