बीएमआय २४, मग तिकडचा डॉक्टर का ओरडला?

प्रश्न: डॉक्टर, मी ६८ वर्षांचा, नौपाड्यात राहतो. उन्हाळ्यात लेकाकडे न्यू जर्सीला गेलेलो. चेकअपच्या फॉर्मवर रेस विचारली, एशियन लिहिलं. उंची ५ फूट ५, वजन ६६ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २४. तर डॉक्टर म्हणे एशियन माणसाला हे जास्त होतं, शुगर तपासा. तलावपाळीच्या आमच्या वॉकिंग ग्रुपात सांगितलं तर सगळे भडकले, गोऱ्याला २५ पर्यंत माफ आणि आपल्याला नाही, हा सरळ वर्णभेद! लेकाचे शेजारी एक ब्लॅक आजोबा, माझ्यापेक्षा बारीक, पण बीपीच्या तीन गोळ्या. तब्येत खरंच वंशावर ठरते का हो?

उत्तर: काका, ग्रुपला सांगा, तो डॉक्टर बरोबर होता. एशियन माणसाचा बीएमआय २३ च्या आत हवा, हाच आकडा आपल्याकडचे डॉक्टरही धरतात. पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! म्हणजे काटा सारखाच, आतला माल वेगळा. आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, स्नायू कमी, चरबी लिव्हरभोवती जाऊन बसते आणि शुगर लवकर येते. त्यात जन्मताच कमी वजन असणं, पुढे बैठं काम, ताटात भात-पोळीच जास्त, डाळ-उसळ नावाला, हे सगळं आलं. (आणि तलावपाळीला दोन राउंड मारून कट्ट्यावर वडा-चहा, मी स्वतः पाहिलंय.)

आता ते शेजारचे आजोबा. अमेरिकेत ब्लॅक लोकांत बीपी जास्त, हे खरं, पण दोष रक्तात शोधायच्या आधी हे ऐका. १९९७ च्या एका अभ्यासात आफ्रिकन वंशाच्याच लोकांचं बीपी तीन ठिकाणी मोजलं, पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के लोकांना बीपी, कॅरिबियनमध्ये २६, अमेरिकेत ३३. मूळ एकच, मग दुप्पट कसं झालं? वजन, मीठ आणि जगण्यातला ताण. आज पंचाहत्तरीत असलेला तिकडचा ब्लॅक माणूस लहान होता तेव्हा दक्षिणेकडच्या हॉस्पिटलात त्याच्यासाठी वॉर्ड वेगळा असायचा, १९६६ ला मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, सुरू झालं, सरकारी पैसा हवा तर भेदभाव बंद करा अशी अट आली, तेव्हा कुठे ते मोडलं. अशा म्हाताऱ्याला डॉक्टरकडे जायची भीती वाटली तर नवल नाही.

तुमच्या ग्रुपला राग काढायचाच असेल तर किडनी किती काम करते ते काढायच्या जुन्या फॉर्म्युल्यावर काढा, त्यात ब्लॅक म्हटलं की किडनीचा आकडा आपोआप वाढवून धरायचे, त्यामुळे खराब किडनीही बरी दिसायची. २०२१ मध्ये नवा फॉर्म्युला आला, त्यातून ते काढलं. तिथे रंग बघून उपचारच मागे पडायचे, तुमच्या बाबतीत रंग बघून तपासणी लवकर झाली, फरक हा आहे.

तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, करून घ्या. आणि घरात शिवणाची टेप असेलच, श्वास सोडून बेंबीच्या लेव्हलला पोट मोजा, पुरुषाला ९० सेंटिमीटरच्या आत हवं. पँटचा नंबर सांगू नका, पट्टा पोटाच्या खाली बांधणाऱ्यांचा तो कायम ३४ च असतो.